आराखडा मुलाचा, पण घरच्यांना विचारले कोणी?

पाणपोई

मागच्या महिन्यात एका बालगृहाच्या कार्यालयात बसून मी दहा वर्षांच्या एका मुलाची फाइल वाचत होते. नमुना ७ मधला वैयक्तिक काळजी आराखडा नेटका भरलेला होता. आहार, आरोग्य, शिक्षण, भावनिक गरजा, खेळ, कुटुंबात पुनर्स्थापन अशा प्रत्येक शीर्षकाखाली दोन-दोन वाक्ये होती आणि कुटुंबासमोर "पालकांचे समुपदेशन करण्यात यावे" एवढेच लिहिले होते. त्याच दिवशी त्या मुलाची आजी एसटीने तीन तासांचा प्रवास करून, पदरात भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी बांधून त्याला भेटायला आली होती. नातू घरी आल्यावर कसे करायचे ठरले आहे, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई, बाई. कागदावर अंगठा तेवढा घेतला."

नंतर तासभर ती बोलत राहिली आणि मी लिहून घेत राहिले. फाइलमध्ये "बालक वारंवार घरातून पळून जाते, वर्तनसमस्या" असा शेरा होता. आजीच्या सांगण्यानुसार मुलगा दोनदा पळाला आणि दोन्ही वेळा तो गुरुवारच होता. गुरुवार हा त्यांच्याकडे आठवडी बाजाराचा दिवस आहे. त्या दिवशी बापाच्या हातात मजुरी पडते, तो पिऊन येतो आणि घरात मारहाण होते. एरवी मुलगा त्या रात्री मामाच्या गोठ्यात जाऊन झोपत असे. मामा ऊसतोडीला कारखान्यावर गेला, गोठ्याला कुलूप लागले आणि मुलाला जायला जागा उरली नाही, म्हणून तो बसस्थानकावर आला. या मुलाचे वर्तन बिघडलेले नव्हते. गुरुवारच्या रात्रीपुरते त्याला छप्पर हवे होते, आणि ही एक गोष्ट आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हती.

मी मराठवाड्यात बिगर-संस्थात्मक काळजीचे, म्हणजे मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात सांभाळले जावे यासाठीचे, काम गेली अकरा वर्षे करते. (बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून येथे तपशील बदलले आहेत.) या धाग्यात मला जे मांडायचे आहे ते असे की, मुलाच्या आराखड्यात कुटुंबाचा सहभाग म्हणजे आराखडा तयार झाल्यावर घेतलेली सही नव्हे. आराखड्याचे पहिले वाक्य लिहिण्याआधी घरच्यांशी बोलणे झाले पाहिजे, आणि घरच्यांना जे ठाऊक असते ते इतर कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही, हे आपण मनापासून मानले पाहिजे.

कायदा या बाबतीत आडवा येत नाही. २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३ मध्ये जी तत्त्वे दिली आहेत, त्यांत मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत काळजी आराखड्याची जी व्याख्या आहे, तिच्यात तो "मुलाशी विचारविनिमय करून" तयार करावा असे शब्द आहेत. बाल कल्याण समितीसमोर मूल २४ तासांच्या आत हजर करायचे, सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची आणि मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश करायचा, अशी कालमर्यादा आहे. घोडे अडते ते या १५ दिवसांत. गृहचौकशीसाठी कार्यकर्ता एकदाच जातो, दुपारी जातो, आणि दुपारी घरात कामावर न गेलेले माणूसच सापडते. ते बहुधा म्हातारे असते किंवा आजारी असते. त्याला नाव, वय, उत्पन्न, घर पक्के की कच्चे एवढे विचारून अहवाल पुरा होतो.

आमच्या भागात याच्यावर आणखी एक थर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत), म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. या सहा महिन्यांत समितीसमोर आलेल्या मुलाच्या अहवालात "गृहभेटीच्या वेळी घर बंद आढळले, पालक उदासीन" असे शब्द मी कितीतरी वेळा वाचले आहेत. घर बंद असणे आणि पालक उदासीन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी मी टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर मिळवते आणि रात्री नऊनंतर फोन लावते, कारण त्याआधी उसाची गाडी खाली झालेली नसते. आजवर एकाही आईने बोलायला नकार दिलेला नाही. "तारखेला या" असे सांगितले की मात्र त्यांच्यासमोर खाडा, प्रवासखर्च आणि मुकादमाची परवानगी असे तिहेरी ओझे उभे राहते. त्या आल्या नाहीत की आपण त्याची नोंद अनास्था म्हणून करतो.

प्रत्यक्ष घरी गेल्यावर मी एक साधी गोष्ट करते. भिंतीवरचे जुने कालनिर्णय मागून घेते, एक पान फाडते आणि कोऱ्या जागेवर घरच्यांकडूनच नात्यांचे चित्र काढून घेते. मध्ये मूल, भोवती माणसे. मग विचारते: रात्री ताप चढला तर दवाखान्यात कोण नेते? शाळेत सही कोणाची असते? रुसल्यावर ते कोणाच्या घरी जाते? "कुटुंबात कोण कोण आहे" या प्रश्नाला शिधापत्रिकेवरची नावे मिळतात, या प्रश्नांना खरी माणसे मिळतात. अनेकदा ती आत्या, मावशी किंवा शेजारची चुलत आजी असते आणि तिचे नाव कोणत्याही नमुन्यात आलेले नसते.

आपल्यापैकी जे बालगृहांत, समित्यांवर, जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा संस्थांमध्ये काम करतात त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. मतभेदही अवश्य मांडावेत.

रानवाट

पाणपोईताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी परिविक्षा अधिकारी (मुलांच्या प्रकरणांत सामाजिक तपासणी करणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो आहे आणि आपण ज्या अहवालांविषयी लिहिले आहे त्यांतले काही मी स्वतः लिहिलेले असतील, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

एका वेळी हातात शंभराच्या आसपास प्रकरणे, त्यात बाल न्याय मंडळाच्या तारखा, त्यात पोलीस ठाण्यांचे फोन, आणि गाडीसाठी तरतूद नाही, अशा स्थितीत माणूस नमुना भरण्यापलीकडे जाऊ शकत नाही. हे समर्थन नाही, ती वस्तुस्थिती आहे. तरीही आपला गुरुवारचा प्रसंग वाचून मला माझ्या एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली. एका मुलीला आम्ही तीनदा घरी पोचवले आणि तीनदा ती परत आली, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्याच आईचे तेच समुपदेशन केले. तिच्या थोरल्या बहिणीला एकदाही विचारले नाही, कारण ती सासरी होती आणि आमच्या लेखी ती "कुटुंबातील" नव्हती. चौथ्या वेळी ती बहीण आपणहून समितीसमोर आली आणि मुलगी आजतागायत तिच्याकडेच आहे. तीन वर्षांनी सुचलेला हा मार्ग पहिल्याच आठवड्यात कागदावर येऊ शकला असता, याची बोच मला अजून आहे.

मात्र माझी एक शंका गंभीर आहे. ज्या घरात मुलावर अत्याचार झाला, त्या घराला आराखड्यात बसवायचे कसे? लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात नातेवाईक साक्ष फिरवण्यासाठी मुलावर दबाव आणतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कुटुंबाच्या सहभागाच्या नावाखाली मुलाला पुन्हा त्याच माणसांसमोर बसवणे हे मला मान्य होणार नाही.

पाणपोई

दादा, आपली शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊन हा विषय पुढे नेता येणार नाही. पोक्सोखालील (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालील) प्रकरणांत आरोपी आणि त्याच्या बाजूची माणसे बैठकीच्या जवळपासही असता कामा नयेत. तेथे मी सर्वांना एकत्र बसवतच नाही. आधी मुलाशी एकट्याने बोलते आणि "तुला कोण भेटलेले चालेल आणि कोण नको" हे त्याच्याच तोंडून ऐकते. मग ज्यांची नावे आली त्यांच्याशी एकेकट्याने, शक्यतो त्यांच्या स्वतःच्या घरी बोलते. प्रकरण चालू असताना मुलाला साथ देण्यासाठी सहाय्यक व्यक्ती नेमलेली असेल तर तिला सोबत घेते.

परंतु एक माणूस धोकादायक ठरला म्हणून मुलाची सगळी नाती तोडावीत का? बाप आरोपी असतो तेव्हा आईकडेही संशयाने पाहिले जाते, आईचे माहेर तर विचारातच घेतले जात नाही, आणि मूल थेट अठरा वर्षांपर्यंत संस्थेत राहते. अशा मुलांसाठी सुरक्षित मामा किंवा मावशी शोधणे हे इतर मुलांपेक्षा अधिक निकडीचे आहे असे मला वाटते.

दूरदेश

मी मूळची सांगलीची, गेली काही वर्षे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला याच क्षेत्रात काम करते. वरील चर्चा वाचून इथली पद्धत सांगाविशी वाटली, कारण तिचा उगमही अशाच तक्रारीत आहे.

सरकारी अधिकारी येतात, मुले उचलून नेतात आणि आमच्या नातेसंबंधांना कवडीचीही किंमत देत नाहीत, असे इथला मूळ रहिवासी माओरी समाज वर्षानुवर्षे सांगत होता. १९८६ साली "पुआओ-ते-आता-तू" हा अहवाल आला आणि त्याने हे गाऱ्हाणे सरकारच्या पुढ्यात ठेवले. त्या शब्दांचा अर्थ पहाट. पाठोपाठ १९८९ च्या कायद्याने कौटुंबिक परिषद ही कायदेशीर पायरी झाली. माओरी भाषेत कुटुंबाला "फानाउ" म्हणतात आणि त्यात आई-बाप व मुले एवढेच येत नाहीत, तर आजी-आजोबा, काका, आत्या, चुलत भावंडे असा सारा गोतावळा येतो. आपल्याकडचा "भावकी" हा शब्द बराच जवळचा आहे, फक्त त्यात आईकडची माणसेही धरायची.

परिषदेचा समन्वयक आधी कित्येक दिवस फोन करून, भेटी घेऊन माणसे गोळा करतो. परिषदेच्या दिवशी सुरुवात कशी करायची, प्रार्थना म्हणायची का, कोणत्या भाषेत बोलायचे, हे कुटुंब ठरवते. मग समाजकार्यकर्ता, शिक्षक, डॉक्टर आपापली माहिती साध्या शब्दांत मांडतात, आणि त्यानंतर जे घडते ते मला पहिल्यांदा पाहताना फार धाडसाचे वाटले होते. आम्ही सगळे व्यावसायिक लोक खोलीबाहेर जातो. कुटुंब दार लावून घेऊन आपसांत बोलते. कधी तासभर, कधी अर्धा दिवस. आतून रडण्याचे, भांडण्याचे आवाज येतात आणि आम्ही बाहेर चहा घेत थांबतो. दार उघडते तेव्हा त्यांच्याकडे त्यांचा आराखडा असतो. तो मुलाच्या सुरक्षिततेला पुरेसा आहे का, हे मग आम्ही त्यांच्यासोबत तपासतो.

रानवाट यांच्या शंकेबद्दल सांगायचे तर, एखाद्या व्यक्तीच्या उपस्थितीने मुलाला धोका असेल तर तिला परिषदेपासून दूर ठेवण्याचा अधिकार समन्वयकाला आहे.

इथे सारे आलबेल आहे असा समज कृपया करून घेऊ नये. माओरी मुले सरकारी काळजीत आजही त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहेत आणि परिषद घाईने उरकली जाते अशी टीका सतत होते. पण ती बंद दाराची खोली मला आपल्याकडे हवी आहे. अधिकारी समोर बसलेला असताना आपल्याकडचा शेतमजूर बाप "हो साहेब" यापलीकडे काहीही बोलणार नाही, हे आपण सगळे जाणतो.

घाटमाथा

"हो साहेब" हे अगदी खरे. मी नाशिक जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर काम करतो.

२०२२ साली इगतपुरी भागातली कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे उघडकीस आले, ते अनेकांना आठवत असेल. मेंढी आणि किरकोळ रक्कम एवढ्या मोबदल्यात लहान लहान मुले दिली गेली होती. तेव्हा शहरातल्या पुष्कळ लोकांचा पहिला प्रश्न होता की, आई-बापांनी मुले विकलीच कशी. असा प्रश्न मनात ठेवून जो पाड्यावर जाईल त्याला कोणीही खरे सांगणार नाही. बाहेर उकिडवे बसून दोन-तीन संध्याकाळी घालवल्या की हळूहळू कळते की शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, झोपडीखालची जागा नावावर नाही, पावसाळ्यात काम नाही आणि आश्रमशाळेत प्रवेशासाठी लागणारे कागद नाहीत. मेंढ्यांमागे गेलेले मूल निदान पोटभर जेवेल, असे आई समजत होती.

म्हणून माझे मत असे की, अशा मुलाच्या काळजी आराखड्यात पहिली ओळ शिधापत्रिकेची असायला हवी. "मुलाचे समुपदेशन" नंतर. हे मी अनुभवाने सांगतो. ज्या घरांची कागदपत्रे झाली तिथली मुले टिकली. ज्यांना नुसते घरी पोचवून छायाचित्र काढले त्यांतली काही पुढच्याच हंगामात वीटभट्टीवर दिसली. आणि कोणता कागद सगळ्यात आधी हवा, हे घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्या एका पाड्यावर मी दाखल्यांच्या मागे लागलो होतो आणि बायकांनी सांगितले की, आधी पोराचे आधार करा, त्याच्यावाचून शाळेत नाव टिकत नाही.

चिंचेचे झाड

मी या क्षेत्रात काम करत नाही. मी सातव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत बालगृहात वाढलो. आज मला नोकरी आहे, लग्न झाले आहे, तेव्हा कोणाची कणव म्हणून हे लिहीत नाही, पण वरची चर्चा वाचून राहवले नाही.

माझी आई गेली होती आणि वडिलांना क्षय होता. वडील दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायला यायचे, त्यांचा मास्क आणि हातातली पिशवी मला आजही दिसते. पिशवीत पारले बिस्किटांचे दोन पुडे असायचे, एक माझा आणि एक माझ्या मित्राचा. एक वर्षभर ते आले नाहीत. मला वाटले की त्यांनी मला टाकले. पुढे फार वर्षांनी कळले की त्या वर्षी भेटीची वेळ बदलली होती, त्यांना ते कोणी कळवले नव्हते, आणि दोनदा ते फाटकावरून परत गेले होते. माझ्या फाइलमध्ये त्या वर्षाविषयी "पालक संपर्कात नाहीत" असे लिहिले आहे. अठरा वर्षांचा झाल्यावर मी ती फाइल वाचली.

माझी आत्या लातूरला होती. तिने मला मागितले होते की नाही, तिला कोणी विचारले होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही आणि आता ती हयात नाही. मला विचारले असते तर मी तिचे नाव सांगितले असते. सात वर्षांच्या मुलालाही आपले माणूस कोण ते कळते. ज्यांच्या हातात फायली आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, भेटीची वेळ बदलली तर घरी एक फोन करा.

रानवाट

चिंचेचे झाड, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

एक व्यवहाराचा मुद्दा राहिला म्हणून लिहितो. नातेवाईक मूल सांभाळायला तयार असतात, पण त्यांचीही ओढाताण असते, आणि तेथे पैशाचा प्रश्न मोकळेपणाने बोलला पाहिजे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली प्रायोजकत्व म्हणून मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही माहिती मामीला पहिल्या भेटीतच द्यावी. आपण ती मूल ताब्यात दिल्यानंतर देतो, आणि तोवर "पोर परवडायचं नाही" म्हणून नकार आलेला असतो. अनुदान उशिरा येते, कधी चार-सहा महिने रखडते, हेही तिला आधीच सांगावे, म्हणजे नंतर तिचा विश्वास उडत नाही.

पाणपोईताई, त्या गुरुवारच्या मुलाचे पुढे काय झाले?

पाणपोई

दादा, मागच्या आठवड्यात आम्ही त्याच्या मामीच्या ओसरीवर बसलो होतो. आजी, मामी, शाळेतल्या बाई, गाव बाल संरक्षण समितीतल्या अंगणवाडी सेविका आणि स्वतः मुलगा. मामा फोनवर होता. दूरदेश यांनी लिहिलेले मनात होते, म्हणून माझे सांगून झाल्यावर मी आणि शाळेच्या बाई उठून विहिरीकडे गेलो आणि पाऊण तास तिकडेच थांबलो. बापाला त्या बैठकीला बोलावले नव्हते. त्याच्याशी मी आदल्या दिवशी शेताच्या बांधावर बोलले होते. बाजाराच्या दिवसाचा विषय निघाला तेव्हा तो बराच वेळ खाली मान घालून बसला आणि म्हणाला की, पोरगं त्या रात्री मामीकडं राहिलं तर माझी हरकत नाही. व्यसनमुक्तीसाठी यायला तो अजून तयार झालेला नाही आणि तसे मी अहवालात स्पष्ट लिहिले आहे.

आम्ही परत आलो तेव्हा मामीने ठरलेले सांगितले आणि ते मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतले. दर गुरुवारी शाळा सुटली की ती त्याला सरळ तिच्या घरी नेईल आणि शुक्रवारी सकाळी शाळेत सोडेल. गोठ्याची एक किल्ली आजीकडे राहील. मामी हंगामाला गेली तर अंगणवाडी सेविकांच्या घरी त्याची झोपायची सोय होईल. त्या स्वतःहून तसे म्हणाल्या. मुलाने एकच भर घातली. किल्ली आजीकडे नको, माझ्याकडे द्या, असे तो म्हणाला. थोडी चर्चा झाली आणि दोन किल्ल्या करायचे ठरले.

मी ते सगळे मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच आजीने अंगठा दिला. समितीसमोरची तारीख येत्या मंगळवारी आहे. आजी आणि मामी दोघी येणार आहेत, त्यांच्या एसटीच्या भाड्याची सोय संस्थेने केली आहे आणि त्यांना दुपारची एसटी गाठता यावी म्हणून आमचे प्रकरण सकाळी आधी घ्यावे, असा विनंती अर्ज मी काल दिला आहे.